फ्रॉइडचा शोक : १९१७ वर थांबू नका

आई गेल्यावर तुम्ही मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याचा ‘शोक आणि विषाद’ हा निबंध पुन्हा उघडलात. गेलेल्या माणसात गुंतलेलं मन सोडवून घेतलं की शोक संपतो, हे वाचून तुम्हाला राग आला. हे सगळं आता मोडीत काढावं का, असं तुम्ही विचारलंय. मी म्हणेन, निम्मं काढा. कोणतं निम्मं, ते खुद्द फ्रॉइडच दाखवतो.

निबंध १९१५ मध्ये लिहिलेला, १९१७ मध्ये छापलेला. जानेवारी १९२० मध्ये त्याची मुलगी सोफी हॅम्बुर्गला इन्फ्लुएन्झाच्या साथीत गेली. १९२३ मध्ये तिचा धाकटा मुलगाही गेला. या नातवावर फ्रॉइडचा फार जीव होता. १९२९ मध्ये सोफीच्या जन्मदिवशी त्यानं बिन्सवांगर या मित्राला पत्र लिहिलं. बिन्सवांगरचा मुलगा नुकताच वारला होता. पत्राचा आशय असा : दुःखाची धार ओसरते, पण समाधान कधीच होत नाही. ती जागा पुरती भरली तरी भरणारं ते वेगळंच काही असतं, आणि ते तसंच असावं, कारण जे प्रेम आपल्याला सोडायचं नाही ते जपण्याचा तेवढाच मार्ग आहे. मन सोडवून घेण्याचा १९१७ चा हिशेब इथे त्यानंच बाजूला ठेवला. म्हणून तुमचा राग मला रास्त वाटतो.

पण त्याच निबंधातलं दुसरं निम्मं मी प्राणपणानं जपेन. शोकात जग ओसाड होतं, विषादात, म्हणजे खोल नैराश्यात, माणूस स्वतःच ओसाड होतो आणि स्वतःला सतत बोल लावतो. फ्रॉइड म्हणतो, हे बोल नीट ऐका; पुष्कळदा ते बोलणाऱ्याला फारसे लागू पडत नाहीत, त्याच्या जिव्हाळ्याच्या दुसऱ्याच कुणाला पडतात. ‘मी कुणालाच वेळ दिला नाही’ असं मुलगी रात्रंदिवस म्हणते, आणि आयुष्यभर घराबाहेर राहिलेला असतो तिचा बाप. तो आता फोटोत आहे, हार घातलेला. गेलेल्याबद्दल वाईट बोलू नये असा आपल्याकडे दंडक, मग तो राग जाणार कुठे?

मात्र हे सूत्र सरसकट कुणालाही लावू नका. प्रत्येक नैराश्यामागे असा दडलेला राग नसतो. आनुवंशिकता असते, थायरॉइड असतं, बाळंतपणानंतरचे बदल असतात. आणि खचलेल्या माणसाला ‘तुझा खरा राग बापावर आहे’ असं तोंडावर सांगणं निव्वळ क्रूरपणा आहे.

आईच्या लांबलेल्या दुखण्यानंतर सुटल्यासारखं वाटलं आणि त्याचीच लाज वाटते, असंही तुम्ही लिहिलंय. त्यासाठी मनोविश्लेषक मेलनी क्लाइनचा १९४० चा शोकावरचा लेख वाचा. तिचा मुलगा हान्स १९३४ मध्ये डोंगरात अपघातानं गेला होता. गेलेल्या माणसावर मात केल्याची भावनाही शोकात डोकावते आणि त्यामुळे अपराधीपणा वाढतो, हे ती न कचरता मांडते. प्रेम कमी होतं असा त्याचा अर्थ नाही.

झोप आणि जेवण पार तुटलं असेल किंवा मरणाचे विचार येत असतील, तर पुस्तकं ठेवा आणि आजच मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. गोळ्या घेतल्या म्हणून फ्रॉइड-क्लाइनच्या विचारांचं दार बंद होत नाही. थोडी झोप लागल्यावरच अनेकांना आईबद्दल मोकळं बोलता येतं.