तुझ्या फाईलमधला हायडेगर आणि डोंगरावरची अर्निका

अरे,

फाईल वाचली. दोनदा वाचली, दुसऱ्यांदा प्रिंट काढून, कारण स्क्रीनवर माझे डोळे आता अर्ध्या तासात भरून येतात. 'आधुनिक कविता आणि युरोपियन तत्त्वज्ञान', ४२ पानं. छान टाईप केलंयस, संदर्भ नीट आहेत, तुझ्या गाईडला आवडेल. पण मी एक आगाऊपणा केला, पेन्सिल घेऊन नावं मोजली. जर्मन तत्त्वज्ञ हायडेगर ६१ वेळा, फ्रेंच तत्त्वज्ञ डेरिडा ३७ वेळा, आणि कवी पाउल सेलानच्या कवितेतल्या ओळी मोजून ९. त्यातल्याही ४ एकाच पानावर. मग तूच सांग, हा प्रबंध कवितेवर आहे का कवितेच्या निमित्ताने?

रागावू नकोस. आमच्या वेळी आम्हीही हेच केलंय. 'कोसला' १९६३ ला आली तेव्हापासून तिच्यावर अस्तित्ववादाचं लेबल डकवण्यात किती निबंध खर्ची पडले असतील देव जाणे, आणि त्यातल्या बऱ्याच लोकांनी सार्त्र कुठल्यातरी गाईडमधून वाचलेला असायचा. तत्त्वज्ञान म्हणजे किल्ली आणि कविता म्हणजे कुलूप, फिरवली की उघडलं, असा एकूण समज. तुझ्या फाईलमध्ये तीच किल्ली आहे, फक्त जास्त महागडी.

तू मेलमध्ये विचारलंयस की 'आधी हायडेगर पूर्ण वाचू का आणि मग सेलानकडे वळू?' याचं सरळ उत्तर द्यायच्या आधी मला तुला एक दिवस दाखवायचाय, कारण इथे तत्त्वज्ञ आणि कवी खरोखरच भेटलेत, पायात बूट घालून, पावसात.

२५ जुलै १९६७. आदल्या दिवशी संध्याकाळी सेलानने फ्रायबुर्ग युनिव्हर्सिटीत कविता वाचल्या, हॉलमध्ये हजारावर माणसं आणि पहिल्या रांगेत हायडेगर. फ्रायबुर्गच्या पुस्तकांच्या दुकानांत सेलानची पुस्तकं दिसतील अशी मांडा, हेही म्हाताऱ्याने आधीच सांगून ठेवलेलं. म्हणजे आदर होता, खोटा नव्हता. आणि इकडे सेलानने पन्नासच्या दशकापासून हायडेगर पेन्सिल घेऊन वाचलेला, त्याच्या प्रतींवर खुणा आहेत, अधोरेखनं आहेत. पण वाचनाच्या आधी दोघांचा फोटो काढायचं निघालं तेव्हा सेलान नको म्हणाला. मग थोड्या वेळाने तयार झाला. हे 'नको' आणि मग 'बरं' मला त्या सगळ्या थिअरीपेक्षा जास्त काही सांगतं.

का नको, ते तुला माहिती आहे पण फाईलमध्ये तू एका तळटीपेत उरकलंयस म्हणून पुन्हा लिहिते. सेलान चेर्नोविट्सचा, तेव्हा रोमानियात असलेलं गाव, आता युक्रेनमध्ये. ज्यू घर, आणि आईची लाडकी भाषा जर्मन. १९४२ मध्ये आईवडिलांना उचलून छावणीत नेलं, वडील तिथेच गेले, आईला गोळी घातली. आणि हा माणूस पुढे पॅरिसमध्ये राहून आयुष्यभर जर्मनमध्येच लिहीत राहिला, आईची भाषा आणि आईला मारणाऱ्यांची भाषा एकच. हायडेगर १९३३ च्या एप्रिलमध्ये फ्रायबुर्गचा रेक्टर झाला, १ मे ला नाझी पक्षात गेला, रेक्टरपद वर्षभरात सोडलं पण पक्षाचं सदस्यत्व १९४५ पर्यंत तसंच. आणि त्यानंतर जाहीरपणे, स्पष्टपणे, त्या छावण्यांबद्दल पश्चात्तापाचा एक शब्द नाही. १९६६ ला 'श्पीगेल' या जर्मन साप्ताहिकाला मुलाखत दिली ती मी मेल्यावर छापा या अटीवर, आणि ती १९७६ ला छापून आली तर त्यातही तो शब्द नाही. (२०१४ पासून त्याच्या 'काळ्या वह्या', म्हणजे त्याच्या टिपणांच्या वह्या, छापून आल्या, त्यातली ज्यूंबद्दलची वाक्यं वाच, म्हणजे 'राजकारण वेगळं, तत्त्वज्ञान वेगळं' हे तुझं १८ नंबरच्या पानावरचं वाक्य तू आपणहून खोडशील.)

तर दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीने टोटनाउबर्गला, ब्लॅक फॉरेस्टमधलं डोंगरावरचं गाव, तिथे हायडेगरची झोपडी. १९२२ ला बांधलेली, साधारण ६ बाय ७ मीटर, म्हणजे आपल्या वन बीएचकेएवढी. मी एकदा लांबून पाहिलीये, एका उन्हाळ्यात जर्मनीत शिकत होते तेव्हा. अजून कुटुंबाकडेच आहे त्यामुळे आत जाता येत नाही, पायवाटेवर उभं राहायचं आणि उताराकडे बघायचं. मला झोपडीचं काही वाटलं नाही खरं सांगायचं तर, माझं लक्ष गेलं पाण्याकडे. बाहेर लाकडी डोणी आहे, नळीतून पाणी पडत असतं सतत, आणि वरती लाकडाचा ठोकळा, त्याच्यावर चांदणी कोरलेली. सेलान त्या पाण्यातून प्यायला, ते कवितेत आहे, ठोकळाही आहे.

मग झोपडीतल्या वहीत त्याने सही केली आणि एक ओळ लिहिली, विहिरीवरच्या चांदणीकडे बघत, येणाऱ्या एका शब्दाची मनात आशा ठेवून, अशा अर्थाची. मग दलदलीतून चालायला निघाले, ओंडके टाकून केलेली वाट, पाऊस, अर्ध्यातून परत. गाडीत सेलान स्पष्ट बोलला, तसं त्याने बायकोला पत्रात कळवलंय, आणि आता हायडेगर हातात पेन घेईल आणि काहीतरी लिहील अशी आशाही कळवलीये. तेव्हा पॅरिसमध्ये त्याच्यावर मानसोपचाराच्या इस्पितळात उपचार चालू होते हेही लक्षात ठेव, तिथून येऊन हा माणूस हे सगळं करत होता.

एका आठवड्यात, १ ऑगस्टला, कविता लिहून झाली. नाव गावाचंच, 'टोटनाउबर्ग'.

आता जरा थांब आणि पहिले दोन शब्द बघ. अर्निका आणि आउगेनट्रोस्ट. तुझ्या फाईलमध्ये तू म्हणतोस की ही 'अस्तित्वाच्या प्रकटीकरणाची वानस्पतिक रूपकं' आहेत. अरे बाबा! अर्निका म्हणजे आपल्या कोपऱ्यावरच्या होमिओपॅथीच्या डॉक्टरकडे मिळतं तेच अर्निका, पडल्या-झडल्यावर, मुका मार लागला की साखरेच्या चार गोळ्या. पिवळं डोंगरी फूल. आणि आउगेनट्रोस्ट म्हणजे युफ्रेशिया, माझ्या फ्रिजच्या दारात त्याचे ड्रॉप्स आहेत आत्ता. जर्मन शब्द फोडून बघ, आउगे म्हणजे डोळा, ट्रोस्ट म्हणजे सांत्वन. डोळ्यांचं सांत्वन. म्हणजे कविता सुरू होते ती मुक्या माराच्या औषधाने आणि डोळ्यांच्या दिलाशाने, मग ते पाणी पिणं, मग झोपडी. माणूस काय मागायला आलाय हे पहिल्या दोन शब्दांत आहे आणि ते कळायला तुला हायडेगरचं एकही पुस्तक लागत नाही, फक्त डिक्शनरी आणि एखादी पडझड झालेली आज्जी लागते.

वहीत ज्या ओळी लिहिल्या त्या कवितेत येतात पण मध्ये एक प्रश्न घुसतो, माझ्या आधी या वहीने कोणाकोणाची नावं घेतली? ३३ सालानंतर त्या झोपडीत कोण कोण येऊन सह्या करून गेलं असेल, असा तो प्रश्न आहे, आणि तो एखादा वकील विचारतो तसा नाही विचारलेला, जाता जाता, कंसात टाकल्यासारखा. पुढे 'ऑर्किस आणि ऑर्किस, एकेकटी'. ऑर्किड म्हणजे आपली आमरी, पावसाळ्यात सह्याद्रीत बघितली असशील. दोन आमऱ्या शेजारी शेजारी आणि एकेकट्या, दोन माणसं दलदलीत चालतायत. आणि ती ओंडक्यांची वाट: हायडेगरच्या १९५० च्या पुस्तकाचं नावच जंगलातल्या लाकूडवाटांवरून आहे, 'होल्त्सवेगे', ज्या कुठेतरी मध्येच संपतात. ते पुस्तक सेलानला माहीत होतं. इथे, या एका ठिकाणी, तुला हायडेगर लागतो. पण कशासाठी लागतो ते बघ, कविता त्याला पुरावा म्हणून घेत नाही, त्याच्याच शब्दावरून त्याला चालवते आणि अर्ध्या वाटेवर आणून सोडते. शेवटी ओल, भरपूर. संपली कविता.

तर माझं म्हणणं काय ते आता तुला कळलं असेल, की हायडेगर वापरून सेलान वाचू नको, सेलानने हायडेगरला काय विचारलंय ते वाच. कविता तत्त्वज्ञानाचं उदाहरण नसते, ती समोर उभी राहिलेली असते, आणि तिला उत्तर हवं असतं.

उत्तराचं काय झालं ते सांगते. कविता १९६८ ला वेगळी छापली, फक्त ५० प्रती, आणि पहिली प्रत सेलानने हायडेगरला पाठवली. म्हाताऱ्याचं जानेवारीच्या शेवटी पत्र आलं, सभ्य, आभार मानणारं, आणि त्यात एक वाक्य की त्या दिवसापासून आपण बरंच काही एकमेकांना... आता इथे मी अडकते. जर्मन क्रियापद 'त्सुश्वायगेन' आहे, श्वायगेन म्हणजे गप्प राहणं आणि त्सु म्हणजे कोणाच्या तरी दिशेने. समोरच्याकडे गप्प राहणं, त्याला गप्पपणा देणं. मराठीत अबोला आहे पण अबोल्यात राग असतो, दोघांना माहीत असलेलं कारण असतं आणि मध्ये कोणीतरी निरोप्या मुलगा असतो 'बाबांना सांग जेवायला वाढलंय' म्हणून. हायडेगरचं गप्प राहणं तसं नाही, तो त्याला संवादाचा दर्जा देतोय. सुंदर शब्द आहे आणि मला तो वाचला की दर वेळी संताप येतो. एवढं सुंदर गप्प राहता येतं त्या माणसाला.

बाकीच्या तत्त्वज्ञांचं थोडक्यात. जर्मन तत्त्वज्ञ अडोर्नोचं 'आउशवित्झनंतर कविता लिहिणं रानटी आहे' तू दोनदा टाकलंयस, १९४९ ला लिहिलेलं, १९५१ ला छापलेलं, ठीक, पण १९६६ ला त्याने स्वतःच ते सैल केलं, छळ होणाऱ्याला किंचाळायचा हक्क आहे तसाच सततच्या यातनेला व्यक्त व्हायचा हक्क आहे असं म्हणून. पहिलं टाकून दुसरं गाळणं हा अन्याय आहे. डेरिडा आणि सेलान पॅरिसला एकाच कॉलेजात शिकवायचे, रू द्युल्मवर, वर्षानुवर्षं, आणि बोलणं म्हणशील तर फार थोडं, डेरिडाचं सेलानवरचं पुस्तक आलं ते सेलान गेल्यावर, १९८६ ला. म्हणजे तू जी 'साहित्य आणि तत्त्वज्ञानाची भेट' म्हणतोस ना, ती बहुतेक वेळा व्हरांड्यात एकमेकांना ओलांडून जाण्यासारखी असते.

एक मात्र नीट वाच, तत्त्वज्ञ गाडामर विरुद्ध समीक्षक झोन्डी. सेलानची एक कविता आहे, १९६७ च्या डिसेंबरमधली, बर्लिनची, झोन्डी त्याचा मित्र, तेव्हा सोबत होता. कुठलं हॉटेल, कुठला कालवा, ख्रिसमसच्या बाजारात काय बघितलं, क्रांतिकारक रोझा लक्झेंबर्गच्या खुनाचं कुठलं पुस्तक हातात दिलेलं, सगळं त्याला माहीत, आणि तरी तो लिहितो की या माहितीने कविता उलगडते असं मानू नका. हे लिहिणं अपुरं ठेवूनच तो १९७१ ला गेला, स्वतःहून, आपल्या मित्रासारखाच. गाडामर म्हणतो मला ती माहिती नसली तरी चालेल, नीट वाचणारा वाचक पुरे. माझा कल गाडामरकडे होता, पंचवीस वर्षं होता, पण टोटनाउबर्गच्या वहीबद्दल माहिती नसताना ती कविता वाचून बघ, नुसता पिकनिकला गेल्यासारखा वाटतो माणूस. तेव्हा आता माझं मत कुठल्या वारी विचारतोस त्यावर आहे.

म्हणून तुझ्या प्रश्नाचं उत्तर, नाही, आधी हायडेगर पूर्ण वाचू नकोस. तो पूर्ण वाचून होत नाही आणि तोवर तुझी फेलोशिप संपेल. ही एक कविता घे, ती जवळजवळ एकच लांब वाक्य आहे, हाताने वहीत उतरव, टाईप नको, आणि मराठीत कर. जिथे अडशील तिथे खूण कर, आणि ज्या खुणेला डिक्शनरी, नकाशा, वनस्पतीचं पुस्तक, इतिहास यांनी उत्तर मिळणार नाही तिथेच फक्त हायडेगर उघड. माझा अंदाज आहे तुला चार-पाचच ठिकाणी लागेल. पण ती चार-पाच पानं तू आयुष्यभर विसरणार नाहीस, ६१ वेळा नाव घेण्यापेक्षा बरं.

आणि एक जागा मी तुझ्यासाठी राखून ठेवलीये कारण मला जमलेली नाही. १९६८ च्या त्या ५० प्रतींमध्ये, जिथे विचारवंताच्या येणाऱ्या शब्दाची आशा आहे तिथे कंसात आणखी एक शब्द आहे, 'उन-गेझॉइम्ट', मध्ये तोडरेघ देऊन. उशीर न करता येणारा, लगोलग येणारा शब्द. सेलानने १९७० च्या एप्रिलमध्ये सेन नदीत जीव दिला आणि त्यानंतर जो संग्रह आला त्यात हा कंस नाही. त्याने काढून टाकला. हायडेगरच्या पत्रामुळे काढला असं मी म्हणणार नाही, तूही म्हणू नको, फक्त दोन्ही आवृत्त्या शेजारी शेजारी ठेव.

अडचण अशी की 'झाउम' म्हणजे कापडाचा दुमडलेला काठ. त्यामुळे त्या शब्दात 'विनाविलंब' आहे तसंच 'काठ न शिवलेला' हेही ऐकू येतं, तुरपाई न केलेला, सुटत जाणारा. मी 'विनाविलंब' केलं तर तो सरकारी पत्रातला शब्द होतो आणि कापड जातं, 'काठ सुटलेला' केलं तर घाई जाते. तुझी आई ब्लाऊज शिवते ना? तिला विचार, तुरपाई करायची राहिलेल्या कपड्याला, आणि गिऱ्हाईक दारात उभं आहे अशा वेळी, ती काय म्हणते. रविवारी चारला ये, आणि ते आधी सांग. फाईल घरीच ठेव.

तुझी,
मॅडम