जुनी पीसीपी एअर रायफल, स्कोअर ५९०वर अडकलाय : बॅरल बदलू की ट्रिगर?

तुमच्या प्रश्नावरून एवढं कळलं : १० मीटरची वापरलेली पीसीपी (सिलेंडरमध्ये आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी) मॅच रायफल, म्हणजे स्पर्धेची रायफल, घेतली आहे, ६० शॉट्सना ५९०च्या पुढे आकडा सरकत नाही, आणि रेंजवर कुणी बॅरल बदला म्हणतं, कुणी ट्रिगर. माझं म्हणणं असं की आत्ता काहीच विकत घेऊ नका. रायफल किती चुकते आणि तुम्ही किती चुकता, हे आधी वेगवेगळं मोजा. मॅच रायफलचा एकही सुटा भाग स्वस्त नसतो, आणि अंदाजपंचे बदललेला भाग बहुधा चुकीचाच निघतो.

आधी हिशेब. दहाची रिंग म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका. छर्रा ४.५ मिमीचा. म्हणून छर्र्याचं केंद्र टार्गेटच्या केंद्रापासून २.५ मिमीवर पडलं की १०.०, आणि तिथून आत दर पाव मिलिमीटरला ०.१ वाढत जातो. दशांश गुणांत ५९० म्हणजे सरासरी ९.८३. याचा अर्थ तुमचा सरासरी शॉट केंद्रापासून जवळजवळ ३ मिमी लांब जातोय. धड असलेली मॅच बॅरल, तिला मानवणारे छर्रे आणि रायफल व्हाइसमध्ये (शिकंज्यात) पक्की धरलेली असेल, तर दहा शॉट्सचं एकच भोक दिसतं आणि त्याचा बाहेरून व्यास ५ ते ५.५ मिमी भरतो. अगदी ७ मिमीचा ग्रुप (एकाच नेमावर मारलेल्या शॉट्सचा पुंजका) आला तरी त्यात बॅरलचा वाटा केंद्रापासून सव्वा मिलिमीटरच्या आसपासच. उरलेलं कुठून येतं ते उघड आहे. तरी रायफलची तपासणी आधी करायची, कारण तिच्यावर भरवसा बसल्याशिवाय स्वतःच्या चुका वाचता येत नाहीत.

तपासणीच्या आधी रायफल रिकामी असल्याची खात्री करून सगळे स्क्रू बघा : ॲक्शन (बॅरल-ट्रिगरची यंत्रणा) स्टॉकला धरणारे, पुढची आणि मागची साइट रेलवर धरणारे, चीकपीस (गाल टेकायचा भाग) आणि बटप्लेटचे (खांद्याला लागणारा भाग). ॲक्शनचे स्क्रू टॉर्क रेंचनेच, कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या आकड्याला आवळा. हाताच्या अंदाजाने आवळले तर दर वेळी ताण वेगळा येतो आणि झिरो, म्हणजे साइटचा जुळवलेला नेम, सरकतो. आवळून झालं की स्क्रूच्या डोक्यावरून स्टॉकवर नेलपेंटची बारीक रेघ ओढून ठेवा. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरला. एकाच टार्गेटवर दोन वेगळे ग्रुप पडत असतील तर दहातल्या बऱ्याच वेळा मागची साइट सैल असते किंवा गाल दोन ठिकाणी टेकत असतो.

मग छर्रे. जुन्या रायफलमध्ये सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त फरक इथेच मिळतो. छर्र्याचं डोकं बॅरलच्या आट्यांवरून सरकतं आणि मागचा पातळ घेर फुगून हवा अडवतो. डोक्याचा व्यास ४.४९, ४.५० किंवा ४.५१ असा डब्यावर लिहिलेला असतो. तिन्ही आणा, वजन ०.५३ ग्रॅमच्या आसपासचं, रायफलसाठीचं. पिस्तुलाचे हलके छर्रे नकोत. आरडब्ल्यूएस आर-१०, एच अँड एन फिनाले मॅच आणि जेएसबी मॅच हे तपासायला पुरेसे. तुमच्या क्लबात टेस्ट व्हाइस असेल तर उत्तम. नसेल तर टेबलावर वाळूच्या पिशव्या ठेवून, बसून, खांद्याचा जोर न लावता मारा. आकडे थोडे मोठे येतील, पण तुलना खरीच राहील. प्रत्येक डब्याचे दहा-दहाचे चार ग्रुप, जाड कार्डावर, आणि बाहेरच्या कडा व्हर्नियरने मोजायच्या. एकच सुंदर ग्रुप बघून निर्णय घेऊ नका. चारांतला सगळ्यात मोठा ग्रुप ज्या डब्याचा लहान, तो डबा तुमचा. डब्यावरचा लॉट नंबर लिहून घ्या आणि त्याच लॉटचे निदान ५,००० छर्रे एकदम घ्या. तोच ब्रँड, तोच व्यास, पण लॉट वेगळा, तर ग्रुप वेगळा पडू शकतो.

बॅरल साफ करायला एका ५००च्या डब्यामागे दोन-तीन फेल्ट (नमद्याच्या गोळ्या) पुरे. रोज घासू नका.

आता वेग. वापरलेल्या पीसीपीचा खरा आजार बॅरल नव्हे, रेग्युलेटर असतो, म्हणजे सिलेंडरमधल्या हवेचा दाब प्रत्येक शॉटला सारखा ठेवणारा भाग. १७० मीटर प्रतिसेकंद वेगाने छर्रा १० मीटरपर्यंत पोहोचतो तोवर सुमारे १७ मिमी खाली पडलेला असतो. वेग १६५ झाला की हे पडणं १८ मिमी होतं. म्हणजे वेगातल्या ५ मीटरच्या फरकाने शॉट १ मिमी खाली, आणि स्कोअरमध्ये ०.४ गेले. क्रोनोग्राफवर (छर्र्याचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर) सलग वीस शॉट्स घ्या. सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी वेगात ३ मीटरपर्यंत फरक असेल तर रेग्युलेटरला हात लावू नका. पहिला शॉट कायम वेगवान आणि मग वेग बसतो, असं दिसलं तर रेग्युलेटर मुरतोय : रायफल पडून असताना आतला दाब हळूहळू चढतो. मॅचमध्ये शॉट्सच्या मधे जास्त वेळ घेतला की पुढचा छर्रा वर का जातो, याचं उत्तर हेच. सील बदलून घ्या, पण अधिकृत दुरुस्तीवाल्याकडूनच. २०० बारच्या भांड्यावर घरी प्रयोग करायचे नाहीत, त्यात साधं तेल तर अजिबात घालायचं नाही. सिलेंडरवरची तारीखही बघा. बहुतेक कंपन्या दहा वर्षांची मुदत देतात, आणि वापरलेल्या रायफलसोबत मुदत संपलेला सिलेंडर सर्रास येतो.

आतली हॅमरची स्प्रिंग आवळून वेग वाढवण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. मॅच रायफल साडेसात ज्यूलच्या आसपास चालते, तेवढ्यासाठीच ती बनवलेली असते. वेग वाढला की झटका वाढतो आणि ग्रुप फुटतो.

हेच १७ मिमी रायफल तिरकी धरल्यावरही छळतात. रायफल ५ अंश उजवीकडे कलली तर शॉट साधारण दीड मिलिमीटर उजवीकडे जातो, म्हणजे ०.६ गेले, आणि साइटमध्ये चित्र अगदी गोल, सुरेख दिसत असतं. कल ठेवायला हरकत नाही, पण तो प्रत्येक शॉटला तोच हवा. पुढच्या साइटच्या टनेलमध्ये (नळीत) स्पिरिट लेव्हल बसवा. महागड्या ट्रिगरपेक्षा या एका वस्तूने नवख्याचा ग्रुप जास्त आवळतो, असं मला ठामपणे वाटतं.

साइटबद्दल थोडक्यात. पुढच्या साइटमधली रिंग फार घट्ट, म्हणजे लहान, घेऊ नका. काळ्या गोलाभोवती पांढरी पट्टी ठसठशीत दिसली पाहिजे, ४.० ते ४.५ मिमीमधून सुरुवात करा. रिंग घट्ट असली की डोळा ती जुळवत बसतो आणि बोट थिजतं. मागच्या साइटचं छिद्र १.१-१.२ मिमी. त्याहून लहान केलं तर आपल्याकडच्या बऱ्याच रेंजेसवरच्या उजेडात चित्र काळवंडतं. ट्रिगर साधारण १०० ग्रॅमला ठेवा आणि मग महिनाभर त्याला हात लावू नका.

यानंतर तुमचा वाटा. उभे राहा, रायफल लावा, डोळे मिटा, दोन श्वास घ्या, डोळे उघडा. रिंग काळ्याच्या डावीकडे दिसली तर हाताने ओढू नका, पावलं हलवा. ओढलेला हात शॉट सुटताना परत आपल्या जागी जातो आणि छर्रा त्याच्यासोबत. वर-खालीचा फरक बटप्लेटने काढा. ग्रुप उभा लांबट पडत असेल तर आधी श्वास आणि बटप्लेट बघा, मग वेग. आडवा पडत असेल तर पावलं आणि तोल. होल्ड (रोखून धरलेली रायफल) स्थिर झाल्यावर ६ ते ८ सेकंदांत शॉट सुटला नाही तर रायफल खाली घ्या. शॉटनंतर दोन सेकंद तसंच राहा आणि रिंग कुठे होती ते स्वतःला सांगा. मग स्क्रीन बघा. सांगितलेलं आणि पडलेलं जुळायला लागलं की स्कोअर आपोआप चढतो. रोज घरी भिंतीवर पांढरा कागद लावून, ड्राय फायरचा (हवा-छर्र्याशिवाय नुसता ट्रिगर दाबायचा) खटका लावून चाळीस शॉट्स काढा.

मुंबईचं एक वेगळं सांगायला हवं. दादरच्या सावरकर स्मारकातली रेंज असो की वरळीची, जून ते सप्टेंबर हवेतलं पाणी सगळीकडे शिरतं. हातपंपाने सिलेंडर भरत असाल तर दर पाच मिनिटांनी पंपाचा ड्रेन उघडा, नाहीतर ओल थेट रेग्युलेटरमध्ये जाते. शक्यतो कोरडी हवा देणाऱ्या फिल्टरच्या कॉम्प्रेसरवरच भरा. एसी गाडीतून उतरल्यावर केस लगेच उघडू नका, वीस मिनिटं तशीच ठेवा. थंड धातूवर दव धरतं आणि साइटच्या काचेवरही. छर्र्यांचा डबा सिलिका जेलसोबत हवाबंद ठेवा. शिशावर पांढरी भुकटी दिसली की ते छर्रे सरावालाही वापरू नका. आणि नेमबाजीचं जॅकेट मॅचनंतर घामट तसंच बॅगेत कोंबू नका : कॅनव्हास ओलाव्याने मऊ पडतो, आधार जातो, आणि पावसाळ्यात अचानक उभे ग्रुप पडायला लागतात. घरी आल्यावर रुंद हँगरला, पंख्याखाली, बटणं लावून सुकवा.