उपजात, वाण की चण?

त्रिमूर्तीनगरातून एका ताईंनी विचारलंय: सोसायटीतल्या पाळीव कुत्र्यांची यादी मराठीत करायची आहे. 'जात' या रकान्यात 'जर्मन स्पिट्झ' लिहून झालं. पण त्याचे लहानमोठे पाच प्रकार असतात म्हणे, तर पुढच्या रकान्यावर काय लिहायचं? उपजात? वाण? शिवाय घरच्या पांढऱ्या कुत्र्याला सासरे 'मोठा पामेरियन' म्हणतात आणि मुलगा दर वेळी 'आजोबा, असं काही नसतंच' म्हणून टोकतो. खरं कोणाचं?

'उपजात' नकोच. एक तर आपल्याकडे जात आणि पोटजात शेजारी शेजारी दिसले की माणूस आधी दाखला शोधायला लागतो. दुसरं म्हणजे प्राणिशास्त्रात हा शब्द आधीच अडकलेला आहे. कुत्रा हीच मुळात लांडग्याची उपजाती मानतात, मग कुत्र्याच्या जातीच्या पोटात पुन्हा उपजात कुठून आणायची? (कवितावाल्यांना तर उपजाती म्हटलं की वृत्तच आठवेल.)

'वाण' बरा वाटतो, कारण आपण तो रोज वापरतो. कापसाचा वाण, धानाचा वाण. पण तो पिकाला चिकटलेला शब्द आहे. जनावरांत आपण सरळ 'जात' म्हणतो: गवळाऊ जातीची गाय. जनावरांसाठी 'वाण' आला आहे तो म्हणीत, आणि तिथे त्याचा अर्थच वेगळा. 'ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला.' इथे वाण म्हणजे रंग. 'वर्ण'चाच तो झिजलेला अवतार. हा अर्थ लक्षात असू द्या, पुढे कामाला येईल.

'प्रतवारी' असंही कोणी सुचवेल. नागपूरच्या कळमना बाजारात संत्र्याचे ढीग आकाराने वेगळे लावतात, तशी. पण एकाच झाडाला मोठं फळ येतं आणि लिंबाएवढंही येतं. कुत्र्यांचं तसं नाही. ठेंगण्या स्पिट्झची पिल्लं ठेंगणीच राहावीत म्हणून पिढ्यान्पिढ्या जोड्या निवडून लावलेल्या आहेत. तेव्हा प्रतवारीही बाद.

माझं मत 'चण'ला. 'लहान चणीची बाई', 'लहान चण असल्याने वय कळत नाही' हे आपण माणसांबद्दल सहज बोलतो. चण म्हणजे नुसती उंची नव्हे, अंगाची एकूण घडणच लहान किंवा मोठी. स्पिट्झच्या बाबतीत नेमकं तेच म्हणायचंय. तोंड तेच निमुळतं, कोल्ह्यासारखं. कान तेच टोकदार. शेपूट तशीच पाठीवर वळलेली. फक्त साचा लहानमोठा. 'बारीक' लिहू नका, वाचणाऱ्याला कुत्रा हडकुळा वाटेल.

जर्मन नावंही अशीच सरळ आहेत. ग्रोस म्हणजे मोठा, मिटल म्हणजे मधला, क्लाइन म्हणजे लहान, आणि सगळ्यांत खाली झ्वेर्ग. हा झ्वेर्ग आपल्या ओळखीचा आहे. हिमगौरीच्या गोष्टीतले सात बुटके जर्मनमध्ये सात 'झ्वेर्ग'च आहेत. इंग्रजीने त्याचं 'टॉय' केलं. आपण त्याचं 'खेळणं' करायची गरज नाही, 'बुटकी चण' पुरे. खांद्याशी मोजलेली उंची अशी: बुटका १८ ते २४ सेंमी, लहान २४ ते ३०, मधला ३० ते ४०, मोठा ४० ते ५०. पाचवा वोल्फस्पिट्झ, म्हणजे लांडगा स्पिट्झ, ४३ ते ५५.

आता शेवटचे दोन आकडे पुन्हा बघा. ४५ सेंमीचा कुत्रा दोन्हीकडे बसतो. मग निवाडा कशावर? रंगावर! लांडग्यासारखा करडा असेल तर वोल्फस्पिट्झ. काळा, तपकिरी किंवा पांढरा असेल तर ग्रोस. म्हणजे इथे चण जवळपास तीच, फरक वाणाचा, अगदी ढवळ्या-पवळ्याच्या अर्थाने. त्यामुळे यादीत दोन रकाने करा: चण आणि रंग. वाद उरणार नाही.

जाता जाता: स्पिट्झ म्हणजे जर्मनमध्ये टोकदार. त्यातला शेवटचा उच्चार आपल्या 'चमचा'तल्या च सारखा आहे. आपल्या तोंडात तो आयता असताना आपण इंग्रजी अक्षर बघून 'झ' लिहीत बसलो. आता ते रुळलंय, बदलू नका.

राहिला सासऱ्यांचा पामेरियन. हे नाव चणीचं नाही, मुलखाचं आहे, जसं नागपुरी संत्रा. बाल्टिक समुद्राकाठच्या पोमेरेनिया प्रांतावरून ते आलं, आणि त्या प्रांताच्या स्लाव्ह नावाचा अर्थही 'समुद्रालगतचा' असाच. इंग्लंडच्या राणी शार्लटने १७६७ साली तिकडचे जे दोन कुत्रे आणवले ते चांगले मोठे होते. पुढे १८८८ मध्ये व्हिक्टोरिया राणीने फ्लॉरेन्सहून मार्को नावाचा लहानसा कुत्रा आणला, लहान चणीची हौस वाढली आणि कुत्र्यासोबत शब्दाचा अर्थही आक्रसला. आज कागदोपत्री पामेरियन म्हणजे फक्त झ्वेर्ग. सासऱ्यांचा शब्द अडीचशे वर्षं जुना आहे इतकंच. मुलाला सांगा, टोकू नको.

आपल्याकडे तर पांढरा, झुपकेदार तो पामेरियन, विषय संपला. १९९४ साली एका हिंदी सिनेमात क्रिकेटची पंचगिरी करणारा पांढरा कुत्रा आला आणि आमच्या नागपुरातल्या महाल भागातल्या गल्लीत त्याच नावाचे तीन झाले. एक आमचा. मे महिन्यात तो कूलरच्या टाकीखाली, वाळ्याच्या ताट्यांतून ठिबकणाऱ्या पाण्यात पोट टेकवून पडायचा आणि आजी म्हणायची, 'बर्फातलं जनावर आणून ठेवलं बापा भट्टीत.' तोही पामेरियन नव्हताच. इथे वाढलेला, इंडियन स्पिट्झ म्हणतात त्यातला होता.

तुमच्या कुत्र्याची उंची तुम्ही ३७ सेंमी कळवली आहे. कुठून आणला ते लिहिलेलं नाही. इथल्याच एखाद्या घरचं पिल्लू असेल तर जर्मन खोडून जात 'इंडियन स्पिट्झ' लिहा. आणि मग चणीच्या रकान्यात 'मोठी' लिहायला हरकत नाही, कारण इंडियन स्पिट्झचे आपल्याकडे लहान आणि मोठा असे दोनच गट करतात. सासरे खूश होतील.