जुन्या डिझेल ट्रॅक्टरच्या पंपातून जास्त डिझेल कसे मिळवावे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: मुरबाडकडे घरचा जुना चार सिलिंडरचा ट्रॅक्टर आहे, सुमारे 2.4 लिटरचा, टर्बो नसलेला, मूळ क्षमता 40 अश्वशक्तीच्या आसपास. तो वजन ओढण्याच्या स्पर्धेत उतरवायचा आहे आणि त्यासाठी इनलाइन पंपाच्या (चारही सिलिंडरांना एका रांगेतून डिझेल देणाऱ्या पंपाच्या) मागचा सील केलेला स्क्रू किती आटे फिरवावा. मी तुर्भ्याला डिझेल पंप आणि नोझल दुरुस्तीच्या कामात बरीच वर्षे आहे, त्यामुळे आट्यांचा आकडा सांगण्याआधी थोडा हिशेब मांडतो. तो पाहिल्यावर स्क्रूला हात लावण्याची वेळ सर्वांत शेवटी का येते, हे तुमच्या लक्षात येईल.

जुने इंजिन एका अश्वशक्तीमागे तासाला साधारण 180 ग्रॅम डिझेल खाते. म्हणजे 40 अश्वशक्तीला तासाला 7.2 किलो, मिनिटाला 120 ग्रॅम, अर्थात सुमारे 144 सीसी. इंजिन 2000 आरपीएमवर असताना पंप 1000 आरपीएमने फिरतो आणि प्रत्येक सिलिंडरला मिनिटात 1000 वेळा डिझेल देतो; तेव्हा एका सिलिंडरच्या वाट्याला 1000 स्ट्रोकला 36 सीसी येतात. आता हवा पाहा. याच वेगाला इंजिन मिनिटाला जास्तीत जास्त 2400 लिटर हवा ओढू शकते. प्रत्यक्षात त्यातली 80 टक्के आत जाते असे धरले, तर आपल्याकडच्या उष्ण हवेत ती 2.2 किलोच्या जवळपास भरते. एक भाग डिझेलला साधारण 18 भाग हवा, असे हे प्रमाण पडते. डिझेल पूर्ण जळायला कागदोपत्री साडेचौदा भाग हवा पुरते. पण अशा इंजिनात फवारा आणि हवा नीट मिसळायला फार थोडा वेळ मिळत असल्यामुळे 18 च्या खाली गेले की धूर काळा होऊ लागतो. म्हणजे कंपनीने ठरवून दिलेल्या मापावरच तुमचे इंजिन धुराच्या उंबरठ्यावर उभे आहे. डिझेल 25 टक्क्यांनी वाढवले की प्रमाण थेट 15 च्या खाली येते. त्यातून थोडी ताकद मिळते, पण बरेचसे डिझेल काजळी होऊन बाहेर पडते, पिस्टनचा माथा तापतो आणि लायनरवरचा तेलाचा थर धुतला जातो.

यावरून पंपाला हात लावण्यात अर्थच नाही असे मात्र समजू नये. इतक्या जुन्या ट्रॅक्टरचा पंप मूळचे 36 सीसी तरी देतो का, हा खरा प्रश्न आहे, आणि बहुतेक वेळा तो देत नसतो. पंप बेंचवर, म्हणजे पंप तपासायच्या यंत्रावर, चढवला की चार काचेच्या नळ्यांत डिझेल चढताना दिसते: एकीत 35, दुसरीत 33, तिसरीत 27 आणि चौथीत 31, असे चित्र अशा पंपांत नेहमीचे आहे. एलिमेंट (डिझेल दाबणारा प्लंजर आणि त्याची नळी) झिजले की दाबाखालचे डिझेल प्लंजरच्या कडेने मागे सरकते, आणि वेग जितका कमी तितकी ही गळती जास्त. अशा पंपाचा स्क्रू फिरवला, तर 35 वाला सिलिंडर धूर ओकू लागतो आणि 27 वाला उपाशीच राहतो. म्हणून आधी एलिमेंट आणि डिलिव्हरी व्हॉल्व्ह (नळीतले डिझेल मागे येऊ न देणारा) तपासून चारही लाइन एकसारख्या करून घ्याव्यात. एवढ्याने परत येणारी ताकद पुष्कळांना पंप वाढवल्यासारखीच वाटते.

पंपापर्यंत डिझेल पोहोचते का, हेही त्याच वेळी पाहावे. आपल्या दमट हवेत अर्धवट भरलेल्या टाकीत पाणी साचते आणि पावसाळ्यानंतर फिल्टरची वाटी खोलली की तळाशी पाण्याचा थेंब आणि तपकिरी गाळ दिसतोच. दोन्ही फिल्टर बदला, फीड पंपाच्या जाळीतला आणि बँजो बोल्टच्या (नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टच्या) भोकातला कचरा काढा, परतीच्या लाइनचा व्हॉल्व्ह दाब धरतो का ते पाहा. नोझलचा उघडण्याचा दाबही चारही ठिकाणी सारखा हवा. प्रीचेंबरच्या (डिझेल आधी छोट्या कप्प्यात फवारणाऱ्या) इंजिनात एकाच भोकाचे पिंटल नोझल साधारण 100 ते 130 बारला उघडते, तर थेट फवाऱ्याच्या इंजिनात अनेक भोकांचे नोझल 175 बारच्या पुढे. नेमका आकडा तुमच्या मॉडेलच्या पुस्तकातूनच घ्यावा.

मग हवा. भाताच्या मळणीचा भुसा आणि चिखलणीचा चिखल यांतून गेलेल्या ट्रॅक्टरचा ऑइल बाथ एअर क्लीनर कोणी वर्षानुवर्षे उघडत नाही. त्यातले तेल घट्ट झाले किंवा खुणेच्या वर भरले, की इंजिनाचा श्वास कोंडतो. तो धुऊन योग्य जातीचे तेल खुणेपर्यंत भरावे, टॅपेटचे अंतर लावून घ्यावे, कॉम्प्रेशन मोजावे आणि सायलेन्सर आतून चोंदलेला नाही याची खात्री करावी. हवा 5 टक्के वाढली, तर तेवढेच जास्त डिझेल धुराशिवाय जळते. टर्बोचा मोह टाळावा. या इंजिनांच्या पिस्टनला खालून तेलाचा फवारा नसतो, आणि जुन्या ट्रॅक्टरांच्या गटात आयोजक बहुधा तो चालू देत नाहीत.

एवढे झाल्यावर स्क्रू. हा स्क्रू रॅकचा (प्लंजर फिरवून डिझेल कमी-जास्त करणाऱ्या पट्टीचा) शेवटचा थांबा ठरवतो. रॅक पुढे सरकला की प्लंजर फिरतो, त्यावरची तिरकी खाच भोकासमोर उशिरा येते आणि परिणामकारक स्ट्रोक वाढतो. म्हणूनच आटे मोजून काही कळत नाही. बेंचवर सीसी मोजावेत. माझ्या मते टर्बो नसलेल्या तुमच्या इंजिनाला मूळ मापाच्या वर 8 ते 10 टक्के, म्हणजे 39 ते 40 सीसी, ही समंजस मर्यादा आहे. काही जण 8 मिलिमीटरच्या जागी 9 मिलिमीटरचे एलिमेंट बसवायला सांगतात. त्याने प्लंजरचे क्षेत्रफळ 27 टक्के वाढते, पण तेवढी हवाच नसल्यामुळे तो पैसा धुरात जातो.

वजन ओढताना इंजिन 2000 वर राहत नाही, ओझे वाढत जाईल तसे ते 1400, 1200 असे खाली येते आणि तिथे जो टॉर्क उरतो त्यावर निकाल लागतो. त्यामुळे पंपवाल्याला केवळ 1000 पंप-आरपीएमचे माप न सांगता 600 वरचे मापही सांगा आणि ते तिथे खाली पडू देऊ नका. कमी वेगाला सिलिंडर हवेने जास्त चांगले भरतात, म्हणून तिथे दर स्ट्रोकला थोडे अधिक डिझेल पचते. स्पर्धक यात सर्वांत कमी लक्ष घालतात, याचे मला कायम नवल वाटते.

डिझेल वाढले की फवारा उशिरा संपतो, त्यामुळे टायमिंग, म्हणजे फवारा सुरू होण्याची वेळ, किंचित पुढे घ्यावे लागते. पंपाच्या कपलिंगवरचा एक अंश म्हणजे क्रँकवरचे दोन अंश, हे विसरू नये. क्रँकवर दोन अंशांपेक्षा जास्त पुढे गेल्यास ठोके वाढून हेड गॅस्केट जाण्याची भीती असते. एक्झॉस्टला तापमानाचा काटा लावून घ्या आणि 650 ते 700 अंश सेल्सिअसच्या वर तो रेंगाळू लागला, तर डिझेल कमी करा.

पंपावर न्युमॅटिक गव्हर्नर (हवेच्या ओढीवर इंजिनाचा वेग आवरणारा) असेल, तर त्यातला चामड्याचा पडदा आधी पाहावा. तो कोरडा पडून फाटला की रॅक पूर्ण डिझेलच्या बाजूला जातो आणि इंजिन आवरत नाही. स्पर्धेच्या दिवशी स्टॉपची केबल रॅकला शेवटपर्यंत खेचते का ते बोनेट उघडून डोळ्यांनी पाहा, आणि हवेच्या तोंडावर झाकण बसवून त्याची दोरी चालकाच्या हाताशी ठेवा. पळत सुटलेले डिझेल इंजिन हवा तोडली तरच खात्रीने बंद होते. बेंचवरून पंप परत घेताना चारही लाइनची मापे, 600 आणि 1000 अशा दोन्ही वेगांची, कागदावर लिहून मागून घ्या, म्हणजे पुढच्या हंगामात काय बदलले ते ताडून पाहता येईल.