पांढरीची माती, ढब्बू आणि भुयारे

उन्हाळ्यात ट्रॅक्टर मोकळे होतात आणि मला जुन्या वस्तू-वास्तूंबद्दलची तीच ती पत्रे येऊ लागतात. या वेळची सहा एकदम घेतो.

नांगरताना तांब्याचा ढब्बू पैसा निघाला. चिंचेने घासून लखलखीत केला. बहमनी आहे म्हणतात. किती येतील?

चिंचेने हिरव्या थराबरोबर अक्षरेही खाल्ली असणार. किंमत मी सांगत नाही. मोबाइलवर ‘लाखांना घेतो’ म्हणत आधी नोंदणीचे पैसे मागणारे भामटे असतात, त्यांना भुलू नका. १८७८च्या कायद्याप्रमाणे जमिनीत दडलेला दहा रुपयांहून जास्त किमतीचा ऐवज सापडला, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. आधी ते करा.

गढीखालून थेट दौलताबादपर्यंत भुयार आहे म्हणतात. तोंड कुठे शोधावे?

कुठेच नाही. अशी दाखवलेली ‘भुयारे’ बहुधा धान्याची पेवे निघतात. आत उतरू नका. पेवातल्या कोंडलेल्या हवेने माणसे मेली आहेत.

पडक्या मशिदीच्या दारावरचा फारसी लेख पुसट झालाय. ऑइलपेंट द्यायचे ठरले आहे. सोनेरी द्यावा की काळा?

कोणताच नाही. वाळूने घासू नका, खडूनेही अक्षरे गिरवू नका. सकाळच्या तिरप्या उन्हात फोटो काढा. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची अरबी-फारसी लेखांची शाखा नागपुरात आहे, तिथे पाठवा.

गावच्या पांढरीच्या टेकाडाची माती शेतात टाकतो, पीक चांगले येते. वरचा थर मुसलमानी काळातला, खरे जुने खाली असते, असे एक जाणकार म्हणाले. मग वरची नेली तर काय बिघडले?

पीक येणारच. काळी पिकवायची आणि पांढरीवर राहायचे, अशी आपली जुनी वाटणी. त्या पांढरीत शेकडो वर्षांची राख, शेण, हाडे मुरली आहेत. पण ‘वरची नेली तर काय’ हे ऐकून ऐकून माझे कान किटले.

ही खोड आमच्याच पुरातत्त्ववाल्यांनी लावली, हे कबूल. सातवाहनांपर्यंत, त्याखाली तांबे-दगडाच्या हत्यारांचा ताम्रपाषाण काळ असेल तर तिथवर पोचायची घाई. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत १९४५-४६ला उत्खनन झाले. ब्रह्मपुरी म्हटले की लोकांना पोसायडन या समुद्रदेवाची रोमन मूर्ती आठवते. वरच्या बहमनी वस्तीतल्या रंगीत काचेच्या बांगड्या कुणाला आठवतात? नेवाशाच्या उत्खननात सगळ्यात वरच्या काळाला नावच ‘मुस्लिम-मराठा’ दिले आहे. एकाच राखेत दोघांच्या चुली. फावड्याने त्या वेगळ्या कशा करणार?

गेल्या वैशाखात असेच एक तोडलेले टेकाड पाहिले. उभ्या कडेत चुन्याच्या जमिनीची बोटभर रेघ होती, तिच्यावर राख आणि राखेत पिवळ्या ठिपक्यांची काळी बांगडी, अर्धी. शेजारी मातीची चिलीम. तंबाखू आपल्याकडे पोर्तुगिजांमार्फत आली, म्हणजे तो थर साधारण १६००च्या सुमाराचा किंवा त्यानंतरचा. एवढे एका चिलमीने सांगितले. महिन्याने गेलो तर कडच नव्हती. तीच चिलीम शेतात सापडली असती तर नुसते खापर.

तेव्हा आजच थांबा. जागा गावठाण, गायरान की खासगी, ते तलाठ्याकडून बघून घ्या आणि राज्य पुरातत्त्व संचालनालयाच्या विभागीय कार्यालयाला लेखी कळवा. टेकाड केंद्र सरकारने संरक्षित केलेले असेल, तर शंभर मीटरच्या आतले बांधकामही चालत नाही, मग माती कुठली!

निळ्या झिलईची खापरे मिळतात. चिनी आहेत का?

तुटलेली कड बघा. आतून पांढरी, घट्ट, काचेसारखी असेल तर चिनी असू शकते. चौलला तशी मिळाली आहेत. साखरेसारखी रवाळ असून झिलई सुटत असेल तर इराणकडची किंवा त्या धाटणीची. फोटोवरून शिक्का मारणार नाही. शेजारी मोजपट्टी ठेवून तिथेच फोटो काढा, खापर उचलू नका आणि जवळच्या विद्यापीठातल्या पुरातत्त्व विभागाला दाखवा.

मेटल डिटेक्टर भाड्याने मिळतो. टेकाडावर फिरवला तर चालेल?

नाही. आगाऊ भाडे दिले असेल तर परत मिळते का बघा.