वार एक की दोन, ते आधी विचार

नागपूर, नोव्हेंबर अखेर

प्रिय बेटा,

तुला जुळी आहेत हे सांगायला परवा तुझ्या आईचा फोन आला. पहिली पाच मिनिटं ती नुसती "दोन आहेत, दोन आहेत" म्हणून राहिली होती. मग फोन तू घेतलास आणि थेट मुद्द्याचं विचारलंस, "मावशी, धंतोलीत दाखवू की रामदासपेठेत? कोण चांगलं?" मी तेव्हा टाळलं. या दोन वस्त्यांत डॉक्टरची पाटी नसलेली इमारतच शोधावी लागते, त्यामुळे एखादं नाव सांगून मोकळं होणं सोपं होतं. पण 34 वर्षं लेबर रूममध्ये काढल्यावर नुसतं नाव सांगायला जीभ वळेना. म्हणून लिहायला बसले. तू वाच, नवऱ्यालाही दे.

आधी एक जुनी रात्र सांगते. मी तेव्हा एका खाजगी नर्सिंग होममध्ये होते, नाव सांगत नाही. 33 आठवड्यांची जुळ्यांची बाई कळा घेऊन आली. डॉक्टर हाताला फार चांगले होते, आजही माझा त्यांच्याबद्दल आदर आहे. पण बाळ ठेवायचं वॉर्मर एक, श्वास द्यायची ॲम्बू बॅग एक, आणि बालरोगतज्ज्ञ घरून निघालेले. पहिलं बाळ वॉर्मरवर गेलं, दुसरं आलं ते माझ्या हातात. टॉवेलात गुंडाळून, पाठ चोळत, मी पहिल्याची बॅग मोकळी व्हायची वाट बघत उभी होते. दोघंही वाचली. पण तिथे एनआयसीयू, म्हणजे नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग नव्हता, म्हणून पहाटे बाळं शहराच्या दुसऱ्या टोकाला आणि आई टाके घेऊन इकडे. पुढचे कितीतरी दिवस तो बिचारा बाप स्कूटरवर स्टीलच्या डब्यात दूध नेत होता. डॉक्टर चुकले नव्हते, जागा चुकली होती. तेव्हापासून कोणी "डॉक्टर कोण चांगला" विचारलं, की मी उलट विचारते, रात्री दोन वाजता तिथे कोण कोण असतं?

पण तो प्रश्न थोडा पुढचा. तुझ्यासाठी आजचा प्रश्न वेगळा आहे, आणि त्याला मुदत आहे. तू आता दहाव्या आठवड्यात आहेस. 11 ते 14 आठवड्यांच्या मधल्या सोनोग्राफीत बाळांना वार (प्लासेंटा, जिच्यातून बाळाला आईकडून पोषण मिळतं ती) एक आहे की दोन, हे सगळ्यात स्पष्ट दिसतं. दोन बाळांमधला पडदा वारेला जिथे मिळतो, तिथे जाडसर त्रिकोणी टोक दिसलं तर वारा दोन. त्याला लॅम्डा खूण म्हणतात. पडदा पातळ आणि सरळ काटकोनात, इंग्रजी टी सारखा टेकला असेल तर वार एकच. नंतर नंतर ते ओळखणं अवघड होत जातं. रिपोर्टवर डीसीडीए लिहिलं असेल तर वारा दोन, पिशव्या दोन. एमसीडीए म्हणजे वार एक, पिशव्या दोन. वार एक आणि पिशवीही एकच असं क्वचित असतं, पण ते सगळ्यात जोखमीचं.

याने एवढा काय फरक पडतो? वार एक असली की दोघांच्या रक्तवाहिन्या तिच्यात एकमेकींना जोडलेल्या असतात. अशा शंभर जुळ्यांतल्या 10 ते 15 जणांत एकाचं रक्त दुसऱ्याकडे जास्त जायला लागतं. एकाभोवतीचं पाणी आटतं, दुसऱ्याभोवती वाढतं. लवकर कळलं तर लेझरने त्या वाहिन्या बंद करता येतात, पण तसं करणाऱ्या जागा मोजक्या. म्हणून एक वार असेल तर 16 व्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी सोनोग्राफी हवी. दोन वारा असतील तर 20 व्या आठवड्यापासून साधारण चार आठवड्यांनी चालते. बाळंतपणाचे दिवसही त्यावर ठरतात. सगळं ठीक असेल तर दोन वारांची बाळं 37 व्या आठवड्याच्या आसपास, एका वारेची 36 व्या. जुळ्यांना पूर्ण 40 आठवडे आत ठेवत नाहीत, हे सासूबाईंना आत्ताच सांगून ठेव.

तेव्हा डॉक्टरची पहिली परीक्षा ही. तू विचारायच्या आधी त्यांनी वारेचा विषय काढला का? "जुळी आहेत ना, बघू पुढे" म्हणणारे कितीही मोठे असोत, उठून ये. वार एक निघाली, तर फीटल मेडिसिनवाल्या, म्हणजे पोटातल्या बाळाच्या आजारांच्या डॉक्टरकडे एकदा तरी पाठवणारेच हवेत, आणि लेझरची वेळ आली तर कुठे पाठवणार, हे त्यांना आजच सांगता यायला हवं. दुसरीकडे पाठवायला ज्यांना कमीपणा वाटतो, त्यांच्याकडे जुळी घेऊन जायचं नाही.

आणखी एक बघ. जुळ्यांत बीपी चढण्याचा धोका जास्त, म्हणून काही जणींना 12 व्या आठवड्यापासून ॲस्पिरिनची छोटी गोळी देतात. तुला द्यायची की नाही, याचा विचार डॉक्टरने तुझं वय, वजन, घरातला बीपीचा इतिहास विचारून करायला हवा. (मनाने गोळी घेऊ नको, मोबाईलवर वाचून तर अजिबात नाही.) याच्या उलट, जुळी म्हटल्याबरोबर सरसकट गर्भाशयाच्या तोंडाला टाका घालायचा, सगळे महिने पलंगावर झोपून राहायचं, असं कोणी सांगितलं तर कारण विचार. नुसतं जुळी आहेत म्हणून हे केल्याने दिवस वाढतात, असं दिसलेलं नाही. गर्भाशयाचं तोंड आखूड झालं असेल तर गोष्ट वेगळी.

सिझरचं आत्ताच कोणाकडून लिहून घेऊ नको. पहिलं बाळ डोक्याकडून असेल तर पुष्कळदा नॉर्मल होऊ शकतं. पण दुसरं बाळ आडवं झालं तर ते वळवून काढायचा हात सगळ्यांकडे नसतो. "जुळ्यांच्या नॉर्मल डिलिव्हरी तुम्ही स्वतः करता का?" असं विचार. जे मोकळेपणाने "मी सिझरच करते" म्हणतील, ते मला "नॉर्मलची गॅरंटी" देणाऱ्यांपेक्षा जवळचे वाटतात.

आता रात्री दोनचं. निम्म्याहून जास्त जुळी 37 आठवड्यांच्या आत येतात. म्हणून एनआयसीयू त्याच इमारतीत हवं. किती आठवड्यांचं बाळ तिथे सांभाळतात? एका वेळी दोन खाटा मिळतील का? भूलतज्ज्ञ रात्री तिथेच असतात की घरून येतात? दोन बाळांना दोन माणसं आणि दोन वॉर्मर आहेत का? पोट जास्त ताणलेलं असल्यामुळे जुळ्यांनंतर रक्त जास्त जाऊ शकतं, मग रक्तपेढी किती लांब? हे प्रश्न डॉक्टरांना विचारच, पण तिथल्या सिस्टरलाही विचार. आम्ही खरं सांगतो.

आणि लवकर कळा सुरू झाल्या तर तुला तिथे ठेवणार की वेळीच मोठ्या ठिकाणी हलवणार? लहान बाळाला हलवायला आईच्या पोटासारखी दुसरी ॲम्ब्युलन्स नाही. म्हणून खाजगीत दाखवत असलीस तरी मेडिकलला (सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलला) किंवा मिहानच्या एम्सला जाऊन एकदा नाव नोंदवून ठेव. तिथली गर्दी तुला नको होईल, रांगेत दिवस जाईल, मला माहीत आहे. पण रात्री दोनला निवासी डॉक्टर जागेच असतात.

आता ज्यावरून घरात वाजणार आहे ते. तुझ्या आईने सातव्यात तुला वणीला न्यायचं मनात पक्कं केलंय. पहिलं बाळंतपण माहेरी, तिचं चूक नाही. पण सातवा म्हणजे तुझा मार्चअखेर. जोखीम वाढायला लागते नेमक्या तेव्हा डॉक्टर बदलायचा, आणि नागपूरपासून अडीच-तीन तास लांब जायचं, हे मला मंजूर नाही. 36 आठवडे भरतील तेव्हा मे अखेरचा नवतपा लागलेला असेल. त्या उन्हात, कळा देत, वरोऱ्याच्या रस्त्याने यायचं का? डोहाळजेवण थाटात करा, पण ते नागपुरात, आणि जरा लवकर. त्यानंतर आईनेच इथे येऊन राहावं. तिला सांगायचं काम माझ्याकडे दे, माझ्यावर ती रागावत नाही.

पैशाचं थोडक्यात. एनआयसीयूचा रोजचा खर्च लेखी माग आणि दोनने गुण. विम्यात बाळं पहिल्या दिवसापासून येतात का, ते तुझ्या नवऱ्याने आत्ताच बघावं, आणि ते हॉस्पिटल सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेत आहे का तेही.

"एक मुलगा, एक मुलगी, असं एक-एक तरी आहे का?" असं घरातलं कोणी सोनोग्राफीवाल्यांना विचारेल. विचारू देऊ नको. 1994 च्या कायद्याने तो गुन्हा आहे, आणि पैसे घेऊन सांगणारा डॉक्टर बाकी कशातही तुझ्याशी सरळ वागणार नाही.

सोनोग्राफी झाली की रविवारी दुपारी ये, रिपोर्ट मला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा आहे. मोबाईलवरचा फोटो नको, फाईल आण. संत्री मात्र आणू नको, घरात दोन डझन पडली आहेत.

तुझी
मावशी