वाचकांचे प्रश्न : मे महिन्यातील परस, बरणी आणि जवळची भटकंती

या महिन्यात आलेली बहुतेक पत्रे उन्हाळ्याच्या कामांविषयी आहेत. त्यांपैकी तीन पत्रांना येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : आम्ही दोघे निवृत्त असून वाईला राहतो. यंदा सुट्टीत नातवंडे येणार नसल्यामुळे मे महिना निवांत आहे. घरामागच्या लहानशा परसात मोगरा, लिंबू आणि कढीलिंब आहे. बाकी जागा मोकळी आहे. एवढ्या उन्हात तेथे काही लावावे का? शिवाय लांबचा प्रवास झेपत नाही, तेव्हा जवळपास कोठे जाता येईल?

उत्तर : मोकळ्या जागेत आताच भाजीचे बी टाकण्याची घाई करू नये. मे महिन्यात परसातले मुख्य काम जमीन तयार करण्याचे असते, आणि त्या कामाला हेच कडक ऊन उपयोगी पडते. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात वाफा वीतभर खोल खणावा, ढेकळे फोडावीत, तण मुळासकट वेचावे, माती पाण्याने चांगली भिजवावी आणि तिच्यावर पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद ताणून अंथरून त्याच्या कडा मातीने घट्ट दाबाव्यात. चार ते सहा आठवडे कागद असाच राहिला, तर आतली माती इतकी तापते की रोपे मरवणाऱ्या अनेक बुरशा, सूत्रकृमी आणि तणाचे बी यांचा बराचसा नाश होतो. माती ओली असणे येथे महत्त्वाचे आहे, कारण ओल्या मातीत उष्णता अधिक खोलवर जाते. 7 किंवा 8 जूनला मृग नक्षत्र लागते. त्यानंतर पाऊस नीट सुरू झाला की कागद काढून शेणखत मिसळावे आणि पडवळ, दोडका, कारले यांचे बी रात्रभर भिजवून लावावे.

याला अपवाद हळद आणि आले यांचा. या दोन्हींची लागवड अक्षय्य तृतीयेपासून जूनच्या आरंभापर्यंत करतात, आणि आपला वाई परिसर हळदीसाठी पूर्वीपासून ओळखला जात असल्यामुळे चांगले बेणे आपल्याला ओळखीच्या शेतकऱ्याकडे मिळू शकेल. डोळे फुगलेले, न सुकलेले गड्डे दोन-तीन बोटे खोल लावून वर पालापाचोळ्याचा जाड थर द्यावा. यासाठी वाफ्याचा एक कोपरा कागदाविना ठेवावा. तेथे पाणी साचणार नाही एवढे पाहावे. हळदीला ओल लागते, परंतु साचलेल्या पाण्यात गड्डे कुजतात.

मोगऱ्याला सध्या बहर आहे, म्हणून त्याचे पाणी चुकवू नये आणि बहर ओसरल्यावर शेंडे हलके छाटावेत. लिंबाला पाणी घालताना ते खोडाशी ओतू नये. फांद्यांचा पसारा जेथपर्यंत आहे तेथवर आळे करून त्यात सावकाश द्यावे. चकाकी न दिलेले मातीचे मडके आळ्यात गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवले, तर पाणी झिरपत राहते आणि दोन-तीन दिवस बाहेर राहण्याची मोकळीक मिळते. सर्व झाडांना पाणी सकाळी लवकर किंवा सूर्यास्तानंतर द्यावे. रासायनिक खत मात्र या महिन्यात देऊच नये, कारण कोरड्या, तापलेल्या मातीत त्याने मुळे होरपळतात.

भटकंतीसाठी आपण राहता त्या गावाहून चांगले ठिकाण शोधावे लागणार नाही. वाईपासून सुमारे तीन किलोमीटरवर मेणवलीला नाना फडणवीस यांचा वाडा आहे. त्यामागे कृष्णेचा चंद्रकोरीच्या आकाराचा घाट, विष्णूचे आणि मेणेश्वराचे देऊळ आणि 1739 सालच्या वसईच्या विजयानंतर आणलेली म्हणून सांगितली जाणारी मोठी घंटा आहे. सूर्य वर येण्यापूर्वी निघून घाटाच्या पायऱ्यांवर तासभर बसावे आणि दहाच्या आत घरी परतावे. दुसऱ्या एखाद्या सकाळी नदीच्या वरच्या अंगाला धोमला जावे. तेथे नरसिंहाच्या आणि महादेवाच्या देवळांत जरूर थांबावे, आणि महादेवासमोरचा दगडी कासवावर विसावलेला नंदी निवांत पाहावा. संध्याकाळसाठी गणपती घाट पुरेसा आहे. ढोल्या गणपतीचे देऊळ गणपतराव रास्ते यांनी 1762 साली बांधले. त्याची मागची भिंत माशासारखी निमुळती असून पुराचे पाणी तिच्यावर आदळून दुभंगते. रोज दर्शनाला जाणाऱ्यांपैकीही फार थोडे लोक मागे फिरून ती बांधणी पाहतात, याचे वाईट वाटते. नदी उतरलेली असताना ती पाहून घ्यावी.

प्रश्न : गेल्या वर्षी घातलेल्या कैरीच्या लोणच्याला श्रावणात बुरशी आली. काय चुकले असेल? वरचा थर काढून उरलेले लोणचे वापरले तर चालते का?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो : वापरू नये. बुरशीचे तंतू दिसतात त्यापेक्षा खोल गेलेले असतात, आणि काही बुरशा तयार करतात ती विषे उकळूनही जात नाहीत. पूर्ण बरणी टाकून देणे जड जाते हे खरे असले, तरी त्यात तडजोड नको.

बुरशी येण्याची कारणे बहुधा तीन असतात : फोडींना राहिलेले पाणी, कमी पडलेले मीठ आणि तेलाच्या वर उघड्या राहिलेल्या फोडी. कैऱ्या घट्ट, आंबट, नुकत्या बाठ धरलेल्या घ्याव्यात. धुऊन प्रत्येक कैरी कोरड्या फडक्याने पुसावी, फोडी केल्यावर सुती कापडावर पसरून दोन-तीन तास सुकवाव्यात. एक किलो फोडींना 200 ग्रॅम मीठ हे प्रमाण धरावे. रक्तदाबामुळे मीठ कमी करावयाचे असल्यास लोणचे थोडे घालून थंड ठिकाणी ठेवावे आणि लवकर संपवावे. वर्षभराच्या लोणच्यात मिठाला काटकसर चालत नाही, कारण ते फोडींतील पाणी ओढून घेते आणि जंतूंना वाढण्याजोगी ओल उरू देत नाही. मोहरीची डाळ, मेथी, हळद, हिंग आणि तिखट आपल्या घरच्या सवयीप्रमाणे घालावे. तेल कडकडीत तापवून पूर्ण गार झाल्यावरच ओतावे आणि ते फोडींवर बोटभर उभे राहावे. दोन-चार दिवसांनी फोडी तेल पितात, तेव्हा पुन्हा पाहून कमी असल्यास आणखी गार तेल घालावे. अनेकजण नेमकी हीच पायरी विसरतात. बरणी दिवसभर उन्हात तापवून घ्यावी, तोंडाला दादरा बांधावा आणि रोजच्या वापराचे लोणचे वेगळ्या लहान बरणीत काढावे, म्हणजे मोठी बरणी पावसाळ्यात वारंवार उघडावी लागत नाही.

प्रश्न : आमची सदनिका तिसऱ्या मजल्यावर असून सज्जात सकाळी जेमतेम तीन तास ऊन येते. वाळवण करण्याची फार इच्छा आहे, काय जमेल?

उत्तर : कुरडयांच्या वाटेला जाऊ नये. गव्हाच्या चिकाच्या जाडसर कुरडया एवढ्या उन्हात आतून ओल्या राहतात आणि दुसऱ्या दिवशी त्यांना वास येतो. उडदाचे पापड मात्र आपल्या घरासाठी योग्य आहेत, कारण ते बहुतांशी सावलीतच वाळवायचे असतात. कडक उन्हात त्यांच्या कडा वळतात आणि ते तडकतात. खोलीत जुन्या सुती चादरीवर पसरून वर पंखा सुरू ठेवावा, आणि शेवटी सकाळचे तीन तास ऊन दाखवून पापड गार झाल्यावर डब्यात भरावेत. साबुदाण्याच्या पातळ पापड्याही जमतील, फक्त त्या दोन-तीन सकाळी उन्हात ठेवाव्या लागतील. दुपारनंतर ढग भरून येऊ लागले, तर वळवाच्या सरीची वाट न पाहता सर्व वाळवण आत घ्यावे. एकदा भिजलेली पापडी पुन्हा वाळली, तरी तळल्यावर फुलत नाही.